फट म्हणता...

आमच्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये सात इंच जागा आहे. नीट मोजली तर सव्वासात भरते. पण वरचा पाव इंच मी सोडून देतो. नोकरी बँकेत असली म्हणून काय झालं, माणसानं थोडं मोठ्या मनाचं असावं. (हे मोठं मन मला कधी आणि कसं फुटलं, ते पुढं येईलच.)

सात इंच ती काय जागा, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मुलांची फूटपट्टी आडवी धरली तर मावत नाही. माणूस शिरत नाही, झाडू शिरत नाही. सूर्य दुपारी बाराला पाच मिनिटं डोकावतो आणि आतलं दृश्य बघून निघून जातो. मांजर शिरतं, पण बाहेर आल्यावर बराच वेळ स्वतःला चाटत बसतं. असल्या जागेपायी दोन शिकलीसवरलेली, वेळेवर घरपट्टी भरणारी कुटुंबं सात महिने एकमेकांशी बोलत नव्हती. इंचाला एक महिना असा दर पडला.

'फट म्हणता ब्रह्महत्या' अशी म्हण आहे. शाळेत तिचा अर्थ मला कधी धड सांगता आला नाही. एवढासा शब्द तोंडातून जायचा अवकाश, की भलंमोठं पातक पदरात, हे मला पटतच नसे. आता पटतं.

आम्ही राहतो नगरला, सावेडीत. नगर म्हणजे अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. नगरकर पूर्वीही नुसतं 'नगर' म्हणायचा, आताही म्हणतो. त्यामुळं बोलण्यात फरक पडलेला नाही, बँकेतले शिक्के तेवढे बदलले. सावेडी हा गावाबाहेर वाढलेला भाग, आणि इथली घरंही अजून वाढताहेत. आमच्याकडं घर 'बांधून झालं' असं कधी होत नाही. आधी दोन खोल्या. पोरगी दहावीला गेली की तिसरी. सून येणार म्हटलं की वर एक. घरं पोरांसारखी वाढतात आणि पोरांसारखीच शेजाऱ्याच्या अंगावर जातात.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी तीस बाय पन्नासचा कोपऱ्यावरचा प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. त्या घराला मी २०११ च्या अक्षय्य तृतीयेला बाजूनं एक खोली काढायला घेतली. नियमानं बाजूला मोकळी जागा सोडायची असते. कागदोपत्री तिला 'सामासिक अंतर' म्हणतात. समास हा माझा शाळेपासून कच्चा. मी अंतर सोडलं नाही. शेजारचे सर म्हणजे संस्कृत-मराठीचे शिक्षक, त्यांचा समास पक्का असायला हवा होता. पण २०१४ साली त्यांनी पुस्तकांसाठी खोली काढली तेव्हा त्यांनीही तो सोडवला नाही. पुढं आमचा दोघांचा मिळून द्वंद्व झाला, तो वेगळा.

माझ्या गवंड्यानं विचारलं होतं, "साहेब, हद्द कुठं?" मी तारेच्या कुंपणाकडं बोट दाखवलं. कुंपणाचे खांब वडिलांच्या वेळचे, वडिलांसारखेच म्हातारपणी थोडे कललेले. गवंड्यानं त्यांनाच प्रमाण मानून दोरी धरली. भिंत उभी राहिल्यावर त्यानं दुसरा प्रश्न विचारला, "मागच्या अंगाला गिलावा करायचा का?" मी म्हणालो, "तिकडून कोण बघतंय?" दोन पोती सिमेंट वाचलं. त्या दिवशी मला फार हुशार असल्यासारखं वाटलं होतं. सरांची गोष्ट निराळी. त्यांची भिंत झाली तेव्हा मध्ये सात इंचच उरले होते आणि सात इंचांत थापी फिरत नाही. त्यांची भिंत नाइलाजानं उघडी राहिली. माझी मी राहू दिली.

सर माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. पण निवृत्त शिक्षकाला शेजारी हा शेवटचा वर्ग असतो. ते मला 'अरे' म्हणत. मराठीत दोन माणसांमधलं तापमान बघायला थर्मामीटर लागत नाही, हाक ऐकली की पुरे. 'अरे' म्हणजे अंगाला ऊब. 'अहो' म्हणजे स्वेटर घातलेला बरा. आणि 'आपण' ऐकू आलं, की समजावं, बर्फ पडायला लागला.

दोन घरांमधलं दुसरं मोजमाप म्हणजे वाटी. काकूंकडून खरवसाची वाटी येई. ती आमच्याकडून रिकामी जात नसे, दोन लाडू घेऊन जाई. लाडवांची वाटी लोणचं घेऊन परत येई. मी बी. कॉम. झालेला माणूस, दोन्हीकडच्या बेरजा जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण हे खातं कधीच जुळत नसे आणि जुळू नये अशीच त्याची रचना होती. जुळलं म्हणजे बंद झालं.

मध्यंतरी एक वाटी हरवली. काकूंचं नाव आणि तारीख कोरलेली, स्टीलची. आमची सौ. म्हणे, "मी कठड्यावर ठेवून काकूंना हाक मारली होती." काकू म्हणत, "हाक ऐकली गं, वाटी नाही दिसली." दोघीही हे हसून बोलत, पण त्या हसण्यात साखर जरा कमी पडू लागली होती.

तर फट. २०१७ च्या उन्हाळ्यात मला एसीचा पाइप त्या फटीतून न्यायचा होता. सर गच्चीवरून म्हणाले, "अरे, ती जागा माझी आहे." मी म्हणालो, "सर, माझी आहे." दोघंही हसलो, पाइप पुढच्या बाजूनं गेला आणि फट दोन मालकांची होऊन राहिली. ज्या नोंदीचा धनी कळत नाही ती बँकेत 'सस्पेन्स' खात्याला टाकतात. तशी ही आमची सस्पेन्सची फट. पण सस्पेन्सला टाकलेली नोंद फार दिवस ठेवू नये, ऑडिटर येतो.

आमचा ऑडिटर पाऊस निघाला. तसा आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. अकोल्याकडचे डोंगर सोडले तर पाऊस आम्हाला बहुतेक सावलीच दाखवतो. छत्री आम्ही उन्हासाठी घेतो. पण २०२२ चा परतीचा पाऊस हिशोब चुकता करायलाच आल्यासारखा आला. फटीत पाणी साचलं, दोन्ही उघड्या विटांनी ते पोटभर प्यालं आणि आमच्या नव्या खोलीत भिंतीवर ओल उमटली. आठवड्याभरात तिला महाराष्ट्राचा आकार आला. मुलानं कौतुकानं मुंबई आणि नागपूर दाखवलं. दिवाळीपर्यंत त्या ओलीनं बेळगाव आणि कारवारही घेतलं होतं! १९५६ पासून जे भल्याभल्यांना जमलं नाही, ज्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, ते आमच्या भिंतीनं तीन आठवड्यांत करून दाखवलं.

सरांकडं ओल पुस्तकांच्या कपाटामागून चढली. चाळीस वर्षांत जमवलेली पुस्तकं. खालचे दोन कप्पे फुगून एकमेकांना चिकटले. एक जाडजूड ग्रंथ उन्हात धरून सर एकेक पान सोडवत बसलेले मी आमच्या गच्चीवरून पाहिले. सुपारी कातरावी तितक्या बेतानं. तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्याच संध्याकाळी भांडण झालं.

पाच वर्षांपूर्वी 'माझी, माझी' म्हणून वाद घातलेले आम्ही आता 'तुमची, तुमची' म्हणून भांडलो. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात जागा तुमची! मग तुमची फट आणि तुमचं पाणी."

सर उभे राहिले. म्हणाले, "आपली फट आपण बुजवावी."

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "हो सर, आपण बुजवू. निम्मा खर्च मी..."

"आपण म्हणजे आपण," सर म्हणाले, "मी नव्हे."

आणि बर्फ पडायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून सर कठड्याशी उभे राहून हवेला उद्देशून बोलू लागले. सीमाविवाद हा मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. हद्दीवर जमिनीखाली दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसा, वाळू असली टिकाऊ चिन्हं पुरून ठेवावीत. वाद झालाच तर साक्षीदारांनी लाल वस्त्रं नेसून, गळ्यात हार घालून आणि डोक्यावर माती घेऊन हद्द दाखवावी. आणि निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण तेव्हा खुणा स्वच्छ दिसतात. आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी लाल धोतर नेसून डोक्यावर माती घेतलेले माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मी घरात पळालो. तेवढंच एक हसू त्या दिवाळीतलं.

महापालिकेत अर्ज द्यावा असं दोघांच्याही मनात येऊन गेलं असणार. पण तिथं पहिला प्रश्न निघाला असता तो सामासिक अंतराचा. दोन चोर एकमेकांवर फिर्याद द्यायला निघाले, समोर चौकी दिसली आणि दोघंही पाय न वाजवता घरी परतले, अशातली गत.

डिसेंबरात मी ठरवलं, की हा वाद पुराव्यानं संपवायचा. फट सरांची आहे हे सिद्ध झालं की बुजवणं सरांकडं. गृहकर्जाच्या फाइलमधून ले-आउटचा नकाशा काढला. प्लॉटची रुंदी तीस फूट. रस्त्याच्या कडेचा हद्दीचा दगड शाबूत. एका रविवारी, सर उठायच्या आत, मी आणि चिरंजीव टेप घेऊन बाहेर पडलो. दगडापाशी मी, भिंतीच्या टोकाला तो.

"बाबा," तो ओरडला, "हे तीस फूट पावणेदोन इंच भरतंय!"

"हळू बोल," मी म्हणालो.

आजवर मी त्या पोराला 'मोठ्यानं वाच' असंच सांगत आलो होतो.

म्हणजे मी जिंकलो होतो. फट सरांची, अगदी सव्वासातच्या सव्वासात इंच. पण माझे तीस फूट माझ्या भिंतीच्या पोटातच संपत होते आणि त्यापुढचे पावणेदोन इंच, भिंतीसकट, सरांच्या जागेत उभे होते. खोलीची लांबी चौदा फूट. हिशोब केला तर दोन चौरस फूट. एक पाट मांडून माणूस जेवायला बसेल एवढी जागा. सरांचा एक पाट अकरा वर्षं माझ्या भिंतीखाली होता.

आमच्या शाखेत खातं असलेले एक वकील आहेत. त्यांना मी 'माझ्या एका मित्राचा' प्रश्न म्हणून विचारला. (वकिलांच्या पक्षकारांना मित्र फार असतात.) ते म्हणाले, "भिंत कधीची? मे दोन हजार अकरा? मग मित्राला सांगा, मे तेवीसपर्यंत तोंड उघडू नका. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. ताब्याच्या दाव्याला बारा वर्षं. ती उलटली की समोरच्याला फार जड जातं. आणि मुख्य म्हणजे, काही लिहून देऊ नका." हे शेवटचं मला समजावून सांगायला नको होतं. कर्ज जुनं व्हायला लागलं की तीन वर्षांच्या आत कर्जदाराची सही घ्यायला आम्हीच धावतो. सही मिळाली की मुदत पुन्हा पहिल्यापासून. मुदत आणि सही यांच्या मधल्या जागेतच आमची सगळी बँक उभी आहे.

पाच महिने गप्प बसायचं होतं. गप्प बसणं सोपं, सर तसेही बोलत नव्हते. अवघड होतं ते आतल्या आत बोलणं. मी स्वतःला सांगे, त्यांचं काय नुकसान झालंय? त्यांना कुठं माहीत आहे? त्यांनी तरी नियम पाळलाय का? सगळी उत्तरं बरोबर होती आणि एकही पुरत नव्हतं. मग मी तात्त्विक बाजूला वळलो. चोरी म्हणजे दुसऱ्याचं त्याला नकळत घेणं. पण मी घेतलं तेव्हा ते मलाही नकळतच होतं. म्हणजे २०११ च्या मेपासून त्या डिसेंबरच्या पहाटेपर्यंत मी निर्दोष. पहाटेनंतर भिंत तीच, इंच तेच. मी मात्र चोर. मोजली जागा, बदललो मी. आणि कायद्याचं ऐकलं तर पुढचा बदलही ठरलेलाच होता. वैशाखातली चोरी ज्येष्ठात मालमत्ता होणार होती. मी काहीच करायचं नव्हतं, नुसतं कॅलेंडर उलटायचं होतं. इतक्या कमी कष्टांत कुणी सज्जन झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

जानेवारीत सौ.च्या आग्रहानं शनिशिंगणापूरला गेलो. घरांना दारं-कुलपं न लावण्याची तिथली परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. युको बँकेनं तर तिथं कुलपाशिवायची शाखा काढली. मला कौतुक वाटलं आणि मग साल आठवलं. २०११. एका बँकेनं कुलूप न लावता शाखा उघडली, त्याच वर्षी दुसऱ्या बँकेतल्या कारकुनानं शेजाऱ्याच्या जागेत भिंत घातली. सौ. म्हणाली, "इथं दाराशिवाय राहतात माणसं, आणि आपल्याला सात इंच सोसवेनात." मी म्हणालो, "सव्वासात आहेत. अजून पाव असता तर साडेसाती झाली असती." तिनं माझ्याकडं जे पाहिलं, त्यावरून ती झालेलीच होती.

मग मार्च आला. मार्चअखेर म्हणजे आमची पंढरीची वारी, फक्त विठ्ठल भेटत नाही. एका संध्याकाळी माझी कॅश पाचशेनं कमी आली. मुकाट्यानं खिशातून भरली. दुसऱ्या दिवशी पाथर्डीकडची एक मावशी रांगेत. खिडकीत पाचशेची नोट ठेवून म्हणाली, "पाच हजार पायजे व्हते, साडेपाच आलं. पासबुकात पाच लिवलंय."

"मावशी, एवढ्यासाठी आलात?"

"उगं डोक्यात राहत व्हतं वो. रातच्याला झोप न्हाई."

माझा गळा दाटून आला. प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे वगैरे बोलायची मी तयारी करत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आन् आता एसटीला बायांना अर्धंच तिकीट झालंय. म्हनलं, जावं." सवलत नुकतीच, १७ मार्चला सुरू झाली होती. पूर्ण तिकीट असतं तर मावशी आली असती की नाही, कुणास ठाऊक. पण डोक्यात मात्र राहिलंच असतं.

एकतीस मार्चला शाखेचं सगळं जुळलं. पेढा तोंडात टाकून रात्री उशिरा घरी आलो, दिवा लावला, तर समोर भिंतीवर महाराष्ट्र. वाळून पोपडे धरलेला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी खिशात सापडलेली पैसे भरायची स्लिप घेतली आणि तिच्या पाठीवर लिहिलं : 'आपली दोन इंच जमिन माझ्या भिंतिखाली आहे. हे मला मान्य आहे.' खाली सही, तारीख. पावणेदोनचे दोन मी केले. पाव इंच माझ्याकडून. चिरंजीवाच्या हाती चिठ्ठी पाठवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात वर्तमानपत्र, आणि त्यात माझी स्लिप. लाल शाईनं 'जमिन'मधली मि दीर्घ केलेली, 'भिंतिखाली'तली ति दीर्घ केलेली. 'आपली'भोवती गोल, आणि समासात शेरा : 'कुणाची? अर्थ स्पष्ट करावा.' खाली 'पाहिले' आणि सही.

मी ते तसंच घेऊन गच्चीवर गेलो. सर कठड्याशी उभे होते.

"नऊ इंच सोडले होते मी," ते म्हणाले, "सात उरले. वजाबाकी मला येते, अहो."

सव्वासात आणि पावणेदोन, नऊ. बेरीज जुळली! असल्या प्रसंगीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार हाच आला. मग दुसरा आला. "म्हणजे तुम्हाला २०१४ पासून..? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आपण माझं सामासिक अंतर काढलं असतंत."

"पण सर, ही चिठ्ठी तुमच्या उपयोगाची होती. मुदतीच्या कायद्यानं तुम्हाला..."

"तपासलेली वही मुलाला परत द्यायची असते," सर म्हणाले आणि खाली गेले.

ते 'अहो' मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. निदान स्वेटरपर्यंत तरी आलो होतो.

पुढचं मात्र भराभर झालं नाही. लाजेनं आणखी महिना खाल्ला. मेच्या शेवटी सरांनी मला बोलावलं. टेबलावर तोच फुगलेला ग्रंथ. कौटिल्याचं अर्थशास्त्र, शामशास्त्रींना म्हैसूरला हस्तलिखित सापडलं आणि १९०९ साली त्यांनी ते छापून काढलं, तोपर्यंत त्याचं नुसतं नावच लोकांना माहीत होतं, हे सरांनी आधी ऐकवलं. मग एक डागाळलेलं पान काढलं. शेजारशेजारच्या घरांची छपरं एकमेकांपासून चार अंगुळांवर असावीत, किंवा एक दुसऱ्यावर आलेलं असावं. आणि घरमालकांनी आपसांत ठरवून हवं तसं बांधावं. नको ते होऊ देऊ नये.

"चार अंगुळांचं आपलं चुकलं," सर म्हणाले. "दुसरं करू."

मी जो गवंडी आणला तो म्हणाला, फट काँक्रीटनं भरून टाका. सरांनी जो पत्रेवाला आणला तो म्हणाला, काँक्रीट भरलंत तर ओलीला इकडून तिकडं जायला पूल बांधून दिल्यासारखं होईल. वरून जस्ती पत्र्याचं झाकण घाला. एका बाजूला भिंतीत खाच मारून पक्कं बसवायचं, दुसऱ्या बाजूला नुसतं टेकवायचं. "दोन्हीकडं पक्कं नको का?" मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दोन घरं दोन परीनं हलतात. उन्हात वेगळी, थंडीत वेगळी. दोन्हीकडं ठोकला तर पत्रा फाटतो." फटीच्या दोन्ही तोंडांना जाळी, म्हणजे वारा जाईल, उंदीर जाणार नाही.

आधी फट उपसायची होती. लांब बांबूला आकडी बांधून मी पुढून आणि सर मागून, अशी दोन दिवस सफाई चालली. चेंडू अकरा निघाले. डाव्या पायाची एक चप्पल. सरांच्या चष्म्याचं घर. बाकी गाळात विटांचे तुकडे, वाळू, कुंडीच्या खापऱ्या, उदबत्त्यांची राख, थोडा कोळसा आणि मांजरानं कधीतरी ओढून नेलेलं एक हाड. सर उकिडवे बसून एकेक जिन्नस बोटानं बाजूला करत होते आणि त्यांचा चेहरा फुलत होता. "गायीचे केस आणि कोंडा सोडला तर यादी जवळपास पुरी आहे," ते म्हणाले. "आणि महिना ज्येष्ठ."

शेवटच्या खेपेला आकडीत काहीतरी खणखणलं. वाटी. घासल्यावर काकूंचं नाव निघालं. कठड्यावरून गेली होती ती थेट फटीत. आमची सौ. आणि काकू दोघीही एकदमच 'बघा!' म्हणाल्या. कोण कुणाला म्हणाली ते काही कळलं नाही. वाटी संध्याकाळी आमरस घेऊन पलीकडं गेली.

पैशांवरून पुन्हा वाद झाला. या वेळी 'मी देतो, मी देतो' असा. शेवटी पत्रा सरांचा, मजुरी माझी. पत्रा पक्का बसला सरांच्या भिंतीत आणि टेकला माझ्या कठड्यावर. उतार अर्थातच माझ्याकडं. सगळं पाणी माझ्या गच्चीवर येणार आणि माझ्या पन्हळीतून खाली जाणार. हे कुणी कुणाला सुचवलं नाही. पत्रेवाल्यानं "उतार कुणाकडं?" असं विचारलं आणि मी त्या दोन चौरस फुटांचं भाडं देऊन टाकलं.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. जूनच्या शेवटी एका दुपारी ढग दाटून आले आणि सुट्टी नसतानाही मी घरी कसा होतो, हे विचारू नका. दोन गच्च्यांवर दोन छत्र्या. पत्र्यावर पहिले थेंब ताशासारखे वाजले. पाणी सरळ घसरत माझ्या बाजूला आलं, पन्हळीच्या तोंडाशी जमलं आणि तिथंच थांबलं. वाढू लागलं.

पलीकडून हाक आली, "अरे, बघतोस काय नुसता? तुंबलीय ना! आपली फट आहे ती, घाल हात."

'आपली' म्हणजे नेमकी कुणाची, ते मी विचारलं नाही. कोपरापर्यंत हात घातला. आत बारावा चेंडू होता.